सामूहिक लेखनाचे मूल्यमापन : श्रम कोणाचे, गुण कोणाला?

निवासी शाळेत वाढलेल्या माणसाला सामूहिक कामाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अंगण झाडणे, पाणी भरणे, पंगतीला वाढणे, हस्तलिखित अंक सजवणे ही कामे अनेकांच्या हातून होतात आणि कोणी किती हात लावला हे सोबत राहणाऱ्या प्रत्येकाला न सांगता ठाऊक असते. विद्यापीठात परिस्थिती वेगळी असते. तेथे चार विद्यार्थी मिळून एक काम करतात आणि ते काम होताना ज्यांनी पाहिलेले नाही, अशा प्राध्यापकांना प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा लिहावा लागतो. त्या आकड्यावर पुढचा प्रवेश, शिष्यवृत्ती आणि कधी कधी नोकरीही अवलंबून असते.

गेल्या वीस वर्षांत असे काम मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवरील सहयोगी मंचांवर होऊ लागले आहे. विकिपीडियावर लेख लिहिणे, गूगल डॉक्सवर अहवाल तयार करणे, वर्गाचा ब्लॉग चालवणे, गिटहबवर संगणकाची आज्ञावली रचणे हे आता अंतर्गत मूल्यमापनाचे प्रकार झाले आहेत. अशा कामाला गुण कसे द्यावेत, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु मुळात तो न्यायाचा प्रश्न आहे. या लेखात आम्ही विकिपीडियावरील लेखन हे मुख्य उदाहरण घेऊन त्याचा विचार करणार आहोत. या मंचावर विद्यापीठीय वर्गांनी केलेले दोन प्रयोग, एक यशस्वी आणि एक फसलेला, कोणालाही अभ्यासता येतील अशा रीतीने नोंदलेले आहेत. आणि त्यांपैकी दुसरा आपल्या पुण्यात झालेला आहे.

उत्तरपत्रिका आणि सामाईक पान

आपल्या परीक्षापद्धतीचा पाया उत्तरपत्रिका हा आहे. तिच्यात चार गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : लेखक एक, वाचक एक, वेळ ठरलेली आणि तीन तासांनी पुरवण्या बांधून दिल्या की मजकूर कायमचा पक्का झालेला. सहयोगी मंचावर या चारही गोष्टी ढळतात. लेखक अनेक असतात, वाचक जगभर असू शकतात, काम आठवडेच्या आठवडे चालते आणि आज लिहिलेला परिच्छेद उद्या दुसरा कोणी बदलू शकतो. साहजिकच, उत्तरपत्रिका तपासण्याची सवय जशीच्या तशी येथे लावली तर ती अपुरी पडते. विद्यार्थ्यांनी वेबवर केलेल्या लेखनाचे मूल्यमापन कसे असावे, याचा अभ्यास ऑस्ट्रेलियातील मेलबर्न व इतर विद्यापीठांतील प्राध्यापकांनी २०१० च्या सुमारास हाती घेतला, तो याच अडचणीमुळे.

विकी या प्रकाराचा जन्म १९९५ साली झाला. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने, वाचणाऱ्यालाच दुरुस्त करता येईल असे पान तयार केले आणि हवाई बेटांच्या भाषेतील, जलद या अर्थाचा शब्द त्याला दिला. त्याच तत्त्वावर १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाची सुरुवात झाली. तेथील प्रत्येक लेखाला दोन सोबती असतात. एक ‘इतिहास’ आणि दुसरा ‘चर्चा’. इतिहासात प्रत्येक बदल कोणत्या सदस्यखात्यावरून, कोणत्या दिवशी, किती वाजता झाला हे नोंदलेले असते. बदलाच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो. चर्चापानावर मतभेद, शंका आणि सूचना लिहिलेल्या असतात. गूगल डॉक्समध्ये आणि गिटहबवरही अशा नोंदी वेगळ्या रूपात मिळतात.

मूल्यमापन करणारा सहसा फक्त समोरचा लेख वाचतो. आमच्या मते खरी उत्तरपत्रिका त्या लेखामागे असते. ती म्हणजे इतिहास आणि चर्चा. तयार लेख एवढेच सांगतो की काम कसे झाले. ते कोणी केले, कसे शिकत केले, कोठे अडखळले आणि कसे सावरले हे त्या दोन पानांवरच कळते.

व्हँकुव्हरचा वर्ग

२००८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन बीझली-मरे हे लॅटिन अमेरिकन साहित्याचा एक वर्ग शिकवत होते. सत्राअखेरीस विद्यार्थ्यांनी निबंध लिहावा, प्राध्यापकांनी तो एकदा वाचावा आणि नंतर तो कपाटात पडावा, या परिपाठाऐवजी त्यांनी विद्यार्थ्यांना गट करून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायला सांगितले. श्रेणीचा निकष आरंभीच जाहीर केला होता. ज्या गटाचा लेख विकिपीडियाच्या ‘उत्तम लेख’ या दर्जाला पोहोचेल त्याला ए श्रेणी, आणि जो त्याहून कठीण अशा ‘निवडक लेख’ या दर्जाला पोहोचेल त्याला ए प्लस.

हे दर्जे प्राध्यापकांच्या हातात नव्हते. विकिपीडियाचे स्वयंसेवी संपादक लेख बारकाईने तपासतात, प्रत्येक विधानाला आधार मागतात, भाषेतील सैलपणा दाखवतात आणि समाधान झाल्यावरच तो दर्जा देतात. अनुभवी संपादकांच्या एका गटाने या विद्यार्थ्यांना वाट दाखवली. ग्वाटेमालाचे नोबेल विजेते लेखक मिगेल आंखेल आस्तुरियास यांच्या ‘एल सेन्योर प्रेसिदेन्ते’ या कादंबरीवरील विद्यार्थ्यांचा लेख निवडक दर्जाला पोहोचला. सत्राच्या शेवटी एकूण ३ लेख निवडक आणि ८ लेख उत्तम ठरले.

या यशाचे मर्म श्रेणीच्या आमिषात नव्हते, असे आम्हांस वाटते. निबंध एकदा दिला की विद्यार्थ्याचा आणि त्याचा संबंध संपतो. येथे पहिला मसुदा अपुरा ठरणार हे गृहीतच होते. सूचना येणार, पुन्हा ग्रंथालयात जावे लागणार, वाक्य पुन्हा घडवावे लागणार. दुरुस्ती ही चुकीची शिक्षा नव्हती. ती अभ्यासाचाच भाग होती.

तरीही ही पद्धत जशीच्या तशी उचलावी असे आम्ही म्हणणार नाही. स्वयंसेवी परीक्षक कधी येतील, सत्र संपण्याआधी येतील की नाही, हे कोणाच्या हातात नसते. चांगले लिहिलेला परिच्छेदही नंतर एखादा अनोळखी संपादक काढून टाकू शकतो. विकिपीडियाद्वारे अध्यापन करणाऱ्यांसाठी पुढे तयार झालेल्या मार्गदर्शनात म्हणूनच असा सल्ला आढळतो की मजकूर टिकला की नाही यावर गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याने काय लिहिले यावर द्यावेत. बाहेरच्या जाणकाराचे मत मोलाचे असते, पण अंतिम जबाबदारी शिक्षकाचीच राहते.

पुण्यातील धडा

२०१० मध्ये अमेरिकेतील काही विद्यापीठांत विकिपीडिया-लेखनाचा कार्यक्रम विकिमीडिया फाउंडेशनने सुरू केला होता. त्या अनुभवावरून २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत तसाच प्रायोगिक उपक्रम झाला. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा विषयांच्या शेकडो विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर लेखन केले. काही महिन्यांतच असे दिसून आले की त्यातील बराच मजकूर पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला आहे. प्रताधिकाराचा भंग करणारा हा मजकूर शोधून काढण्यात जगभरच्या स्वयंसेवकांचे कष्ट खर्ची पडले आणि वर्ष संपण्यापूर्वीच उपक्रम थांबवावा लागला.

या घटनेचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. पण थोडा विचार केल्यास वेगळे चित्र दिसते. आपल्याकडे शाळेपासून ‘पुस्तकातले उत्तर’ हेच बरोबर उत्तर मानले जाते. मार्गदर्शकातील परिच्छेद शब्दशः लिहिणाऱ्यास पूर्ण गुण मिळतात आणि स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्याचे गुण कापले जाण्याची भीती असते. दहा-बारा वर्षे ज्या गुणासाठी शाबासकी मिळाली, तीच गोष्ट विकिपीडियावर गुन्हा ठरली. शिवाय विद्यार्थिसंख्या मोठी होती, त्यांना मदत करणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःलाच विकिपीडियावर लिहिण्याचा फारसा सराव नव्हता आणि लेखन मातृभाषेत नसून इंग्रजीत करायचे होते. परक्या भाषेत ज्याला आपले वाक्य रचता येत नाही, तो दुसऱ्याचे वाक्य उसने घेतो. ती आळसापेक्षा असहायतेची खूण अधिक असते.

दोन्ही प्रयोगांत मंच एकच होता आणि त्याचे नियमही तेच होते. फरक तयारीचा होता. एकीकडे मोजके विद्यार्थी, पूर्ण सत्राचा अवधी, आधी जाहीर केलेला निकष आणि वारंवार दुरुस्तीची संधी. दुसरीकडे मोठी संख्या, थोडे मार्गदर्शक आणि उसना मजकूर वेळीच ओळखून थांबवणाऱ्या व्यवस्थेचा अभाव.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधी विनियम केले. त्यांत साम्याच्या टक्केवारीनुसार पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक अशा तीन पातळ्या आहेत. प्रबंधांच्या तपासणीसाठी ही मोजणी उपयोगी असेल. परंतु टक्केवारीवरून उचलेगिरी कळते, शिकणे कळत नाही. शब्द फिरवून साम्य ९ टक्क्यांवर आणलेल्या लेखात स्वतःचा एकही विचार नसू शकतो. ते कळण्यासाठी मसुद्यांचा प्रवासच पाहावा लागतो.

इतिहास कसा वाचावा

इतिहास पाहायचा म्हणजे बदलांची संख्या मोजायची, असा समज होण्याचा धोका आहे. तो टाळण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार विद्यार्थ्यांच्या गटाने आपल्या तालुक्यातील एका नदीवर लेख लिहिला. एकूण गुण २०. पहिल्या विद्यार्थ्याच्या नावावर १४० बदल आहेत. उघडून पाहिल्यास बहुतेक स्वल्पविराम आणि ऱ्हस्व-दीर्घाचे आहेत. दुसरीच्या नावावर फक्त ६ बदल आहेत. पण प्रत्येक बदलात संदर्भांसह एक पूर्ण विभाग आहे. तिसरीने लेखात फार कमी लिहिले. मात्र चर्चापानावर तिने दोन परिच्छेद एका पुस्तकातून उचललेले असल्याचे दाखवून दिले आणि ते नव्याने लिहवून घेतले. चौथ्याच्या नावावर एकही बदल नाही.

सर्वांना सारखे १५ गुण देणे सोपे, पण अन्यायकारक. बदलांच्या संख्येवर गुण दिले तर पहिला सर्वांत वर जाईल, तेही चुकीचेच. आम्ही सुचवतो ती विभागणी अशी : तयार लेखाच्या दर्जासाठी ८ गुण, सर्वांना समान; वैयक्तिक योगदानासाठी ६; चर्चा आणि दुरुस्तीसाठी ३; आणि आपण काय केले, काय शिकलो हे सांगणाऱ्या एक पानी टिपणासाठी ३. लेख बरा झाला म्हणून सर्वांना ८ पैकी ६ मिळाले असे धरू. पहिल्याला योगदानाचे ३, चर्चेचा १ आणि टिपणाचे २ मिळून एकूण १२ होतात. दुसरीला ५, २ आणि २ मिळून १५ होतात. तिसरीला ४, ३ आणि ३ मिळून १६ होतात. उसना मजकूर पकडून तो पुन्हा लिहवून घेणे हे लेखनाइतकेच महत्त्वाचे बौद्धिक काम आहे, याची दखल या विभागणीत घेतली जाते.

येथे एक अट कटाक्षाने पाळावी लागते. निकषांचा हा तक्ता काम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या हातात पडला पाहिजे. काम संपल्यावर काढलेला निकष कितीही चांगला असला तरी तो न्याय्य नसतो.

एक फोन, चार लेखक

आता चौथ्याकडे वळू. त्याच्या नावावर काहीच नाही, म्हणजे त्याने काहीच केले नाही काय? नेमक्या याच ठिकाणी आपल्या मुलांचे सर्वाधिक नुकसान होण्याची शक्यता असते, म्हणून येथे जरा थांबावे लागेल. वसतिगृहातील खोलीत चौघांत एक लॅपटॉप असतो, किंवा एकाच फोनचा डेटा शिल्लक असतो. एकजण टंकतो, दुसरा सांगतो, तिसरा पुस्तक उघडून पाने दाखवतो. सारे लेखन एकाच सदस्यखात्यावरून होते. इतिहास प्रामाणिकपणे नोंद करतो, पण ती नोंद बोटांची असते, डोक्यांची नसते. आमच्या उदाहरणातील चौथा विद्यार्थी नदीकाठच्या गावचा असेल. जुन्या पुरांच्या नोंदी कोणत्या गॅझेटियरमध्ये मिळतील हे त्यानेच शोधले असेल आणि दुसरीने ते टंकले असेल.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक बदल जतन करताना विकिपीडियावर सारांशासाठी एक ओळ लिहिण्याची सोय असते. ‘हा भाग अमक्याने शोधला, मी टंकला’ एवढे तेथे किंवा चर्चापानावर लिहावे. ते जमत नसेल तर गटाने एक साधी वही ठेवावी. तारीख, काम आणि नाव. अशी नोंद असेल तर चौथ्यालाही योगदानाचे ४, चर्चेचा १ आणि टिपणाचे ३ मिळून १४ गुण देता येतात. नोंद नसेल तर त्याच्या वाट्याला सामाईक ६ आणि टिपणाचे काही गुण एवढेच उरतात. फरक बुद्धीचा नाही, श्रमांचाही नाही. फरक नोंदीचा आहे.

सहाध्यायांकडून एकमेकांचे मूल्यमापन करवून घेण्याची पद्धतही आता रूढ होत आहे. ती उपयुक्त आहे, कारण खोलीत काय घडले ते सोबत्यांनाच माहीत असते. पण मैत्री, गटबाजी आणि पूर्वग्रह हेही खोलीतच असतात. म्हणून सोबत्याने दिलेला आकडा अंतिम गुण म्हणून धरू नये. त्याने कारण लिहावे, शक्य असल्यास नेमका बदल दाखवावा आणि शिक्षकांनी ती साक्ष म्हणून वाचावी. निकाल त्यांनीच द्यावा.

उघड्यावर लिहिण्याची किंमत

उत्तरपत्रिका बंद कपाटात राहते. वेबवरील गृहपाठ उघड्यावर असतो. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी केलेली चूक पुढे अनेक वर्षे नावासह दिसत राहू शकते. विकिपीडियावर लिहिलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली जातो; तो कोणीही वापरू शकतो आणि दिलेला परवाना परत घेता येत नाही. हे विद्यार्थ्याला आधी सांगितले पाहिजे आणि ज्याची तयारी नसेल त्याला तितक्याच गुणांचे दुसरे काम उपलब्ध असले पाहिजे. विकिपीडियावर खरे नाव देण्याची सक्ती नाही. आडनावावरून जात शोधण्याची सवय असलेल्या समाजात टोपणनावाने लिहिण्याची मुभा ही लहान गोष्ट नव्हे. कोणते खाते कोणाचे याची यादी शिक्षकांकडे असली म्हणजे पुरे.

नवख्यांसाठी विकिपीडियावर सरावाचे स्वतंत्र पान असते. मराठी विकिपीडियाने त्याला ‘धूळपाटी’ असे सुंदर नाव दिले आहे. धुळीवर अक्षर गिरवावे, पुसावे, पुन्हा गिरवावे. पहिले मसुदे तेथेच व्हावेत, तेथेच तपासले जावेत आणि पक्के झाल्यावरच मुख्य लेखात जावेत. पुण्यासारखा प्रसंग टाळण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून नीटनेटका निबंध काही क्षणांत यंत्राकडून मिळू लागला आहे. त्यामुळे केवळ तयार मजकूर तपासणारी पद्धत आणखी दुबळी झाली. मसुदे, चर्चा, संदर्भ शोधण्याची वाट आणि शेवटी दहा मिनिटांची तोंडी विचारणा यांचे मोल त्याच प्रमाणात वाढले आहे. आपण लिहिलेले वाक्य तसेच का लिहिले, हे ज्याला सांगता येते त्याने ते काम केलेले असते.

आपण काय करू शकतो

या स्मरणिकेच्या वाचकांत पालक आहेत, शिक्षक आहेत आणि उच्च शिक्षण घेऊन बाहेर पडलेले माजी विद्यार्थी आहेत. पालकांनी आपल्या मुलामुलींना ‘किती गुण पडले’ याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. निकष आधी सांगितले होते का? तुझ्या कामाची नोंद कोठे आहे? गटात तू नेमके काय केलेस? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आपले श्रम नोंदले गेले पाहिजेत, ही जाणीव त्यांतून मुलांमध्ये रुजते. जो विद्यार्थी अबोल आहे, ज्याच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्याला ही जाणीव विशेष उपयोगी पडेल; कारण गटाच्या गुणांत हरवण्याचा धोका त्यालाच अधिक असतो.

माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत शाळेत येऊन आठवी-नववीच्या मुलांना धूळपाटीवर दोन परिच्छेद लिहायला शिकवावे. आपल्या गावाविषयी, तेथील नदी, लेणी, बाजार, चळवळ यांविषयी, स्वतःच्या शब्दांत, आधार देऊन, आणि मराठीत. पुस्तकातील वाक्य आणि आपले वाक्य यांतील भेद ज्याला शाळेतच कळला, त्याला विद्यापीठात गेल्यावर कोणाचे वाक्य उसने घ्यावे लागणार नाही.

सहयोगी मंचाने शिक्षकांना पूर्वी कधी नव्हते असे एक साधन दिले आहे. काम कसे घडले याची तारीखवार नोंद त्यांच्यासमोर असते. ती वाचण्यास वेळ लागतो आणि साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात तो वेळ काढणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. सर्व गटांचा संपूर्ण इतिहास वाचणे शक्य नसेल तर प्रत्येकाने आपले दोन महत्त्वाचे बदल स्वतः निवडून दाखवावेत आणि तेवढेच शिक्षकांनी बारकाईने पाहावेत. पण पाहावेत अवश्य. अनेकांनी मिळून केलेल्या कामात प्रत्येकाचे श्रम ओळखले जावेत, ही अपेक्षा ठेवण्याचा अधिकार शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यालाही आहे.